ठराव क्रमांक सात

इतिवृत्त मी लिहिते,
कारण वाडीत बारावीपर्यंत गेलेली मी एकटीच.
वहीला रकाने आहेत: विषय, सूचक, अनुमोदक, ठराव.
बुधीबाई मुकणे बोलायच्या आधी किती वेळ गप्प बसली
त्याला रकाना नाही.

सभा जांभळीखाली. कोयनेचं पाणी उतरलेलं,
काठाला भेगाळलेला गाळ आणि एक उपडी होडी.
पुण्याहून दोन साहेब, एक मॅडम,
आणि बाटलीवर चिकटवायचं लेबल, आधीच छापून आणलेलं:
‘कातकरी मध’. खाली म्हातारीचं चित्र,
आमच्यातल्या कुणाच्याच घरातली नसलेली.

चाळीस लाख, ते म्हणाले.
काठावर तंबू, तीस वर्षांचा करार,
पोरांना नोकऱ्या, बायांना स्वयंपाकघर.
मी अंकी लिहिलं, अक्षरी लिहिलं.
शून्यं मोजताना पेन दोनदा अडखळलं.

“म्होळ कुनी कापायचं?”
“तुम्हीच की, आजी.”
“आन् कवा कापायचं?”
मॅडमनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी कागदाकडे.
कागदात महिन्याला दोनशे किलो होते.
बाराही महिने.

“पावसात माशी हितं ऱ्हात न्हाई.
कुठं जाती मला ठावं न्हाई, माज्या बालाबी ठावं नव्हतं.
तिला कोन सांगनार, दोनशे किलो?”
कुणीतरी हसलं. हसणं मी लिहिलं नाही.

मग लहू उठला, तिचाच मुलगा,
कोळशाच्या भट्टीवर सहा महिने काढून आलेला,
नखांत अजून काळं.
“आये, पगार म्हंत्यात ते. म्हैन्याच्या म्हैन्याला.
तू माशीचं काय घिऊन बसलीस?”

बुधीबाई म्हणाली, “खरं हाय तुजं.”
एवढंच. त्याच्यापुढे काहीच नाही.
मला वाटलं, संपलं.

तिनं कमरेची पिशवी सोडली,
आतून पासबुक काढून मांडीवर ठेवलं.
तीन वर्षांचं हिरडा, शिकेकाई, मध:
दोन लाख शहाऐंशी हजार.
“मरळ चार वाजता दोनशे. सहा वाजता ऐंशी.
अंधार पडला का टेम्पोवाला म्हनंल तेवढं.
मासा नासतो म्हनून आपन झुकतो.
मला तंबू नगं. मला बर्फ पायजे.”

साहेब समजुतीनं म्हणाले, बर्फाला वीज लागते.
तेव्हा सगळ्यांनीच मान वर केली.
डोक्यावरून तारा जातात, जाड, गुणगुणणाऱ्या,
या खोऱ्यातल्या पाण्याची वीज घेऊन लांब कुठंतरी.
खोरं बुडालं तेव्हा आमच्या नावावर जमीन नव्हती,
म्हणून बुडालेल्यांच्या यादीत आम्ही नाही.
यादीत नाही म्हणून मीटर नाही.

ठराव क्रमांक सात: बर्फाचं यंत्र घेणे.
बाजूनं एकतीस, विरोधात चौदा.
चौदांत लहू. त्याचा हात सगळ्यांत उंच होता,
आणि बुधीबाईनं तो स्वतः मोजला, बोट दाखवून.
पाहुण्यांनी चहा घेतला. लेबल खालीच राहिलं,
एका शेळीनं म्हातारी खाल्ली.

मेढ्याला आम्ही चौदा खेपा घातल्या.
प्रत्येक खेपेला एक नवा कागद कमी पडायचा.
बुधीबाई साहेबांच्या दारासमोर बसायची,
तिथं शिपायाच्या पोरीला जाळं विणायला शिकवलं तिनं.
मीटर आलं. यंत्र आलं, एकदा बिघडलं,
दुरुस्तीला अकरा हजार गेले, त्या दिवशी
चाळीस लाखांची आठवण मला सात जणांनी करून दिली.

मग एका संध्याकाळी
टेम्पोवाला चारला आला आणि सहापर्यंत थांबला.
भाव पाडायचा म्हणून हॉर्नही नाही वाजवला.
आम्ही थांबलो नव्हतो.
आम्ही जेवत होतो.
मासे बर्फात होते.
सात वाजता तो स्वतः उतरून आला
आणि एकशे ऐंशी म्हणाला.

बुधीबाईनं बर्फाचा एक तुकडा दाढेखाली धरला,
दात दुखत होते तरी.
मी विचारलं, कसा लागतो?
म्हणाली, “पान्यावानी. दुसरा कसा लागंल?”

तारीख टाकून मी सगळं नोंदवलं.
लहू ह्या वर्षीही भट्टीवर गेला.
ते वहीत नाही.